शनिवारचं स्टूल

— "पुढच्या महिन्यापासून बंदच करू या," एवढंच ऐकलं मी परवा. पुढचं सगळं मधल्या सुट्टीच्या घंटेनं गिळलं! अहो, मुद्दाम नाही हो ऐकलं — शाळेच्या भिंतीला लागून माझी दोरी, दोरीवर माझी चादर, चादरीमागे मी. आता कान काय घडी घालून ठेवायचे? मोठ्या बाई दुसऱ्या बाईंना सांगत होत्या. मोठ्या बाई म्हणजे ज्यांना भेटायला तुम्ही लेकीला घेऊन आलात, त्याच. बसा ना ताई पायरीवर, फाटक अकराशिवाय उघडत नाही. बस गं बाळ.

तर बंद काय करणार? शाळाच की! दुसरं आहे काय तिथं? सरकारची मदत नाही, मोठ्या संस्थेची पाटी नाही, चार खोल्या नि एकेचाळीस पोरं. मी कुणाला सांगितलं? छे, कुणालाच नाही — शिंपीदादांना, वाण्याला, आणि दूधवाल्याला, पण तो आपणहून थांबला होता. काल दोघीजणी मुलांचे दाखले मागायला आल्या म्हणे. लोकांना तोंडं असतात, त्याला मी काय करू? — अहो, उठलात कशाला! मी जा थोडंच म्हणतेय? सोन्यासारखी शाळा आहे. दर शनिवारी गल्लीतलं एक माणूस स्टुलावर बसतं नि पोरांना खरी घडलेली गोष्ट सांगतं. पोरं ती लिहून फाटकावर लावतात. शिंपीदादांनी सांगितलं, पहिल्या सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच कशा लावल्या ते. आणि मी? मी सहा वर्षं जातेय! बाकीच्यांकडे एकेक गोष्ट, माझ्याकडे अख्खी गल्ली. शुक्रवारीच कपड्यांना इस्त्री करून ठेवते — घरी तरी कोण बसलंय ऐकायला — ते जाऊ दे. मागच्या खेपेला दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या सासूची कवळी सांगितली. सुनेनं कौतुकानं करून दिली, तर म्हातारी म्हणते, "तुझ्या दातांनी मी घास चावायची नाही!" कवळी ताटाशेजारी काढून ठेवते नि सुनेसमोर पेज पिते. पोरं हसून लोळली! फाटकावर लागलं, चित्रासकट. तेव्हापासून डॉक्टरीणबाई मला बघून रस्ता बदलतात. चित्र काय मी काढलं होतं?

माझी स्वतःची? माझी कसली गोष्ट! चौथीतून नाव काढलं नि हातात पाळण्याची दोरी दिली — पाठच्या भावाची. संपली गोष्ट. पाटी वर्गातच राहिली बाकाखाली, परत आणायला गेले तर माझ्या जागेवर दुसरीच मुलगी — मरू दे ते.

अगंबाई, मोठ्या बाई! या, या — यांना तुमच्याकडेच पाठवत होते. काय? शाळा नाही बंद होत? अहो पण मी माझ्या कानांनी — होणार आहे ना काहीतरी बंद? बघा ताई, म्हटलं नव्हतं! — काय? दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी? फक्त तेवढ्याच? ... हो, कवळीमुळे. कळलं हो, कळलं. आणि स्टूल? ... स्टूल राहणार. ज्यानं त्यानं आपापली सांगायची. बरं. बरं. या शनिवारी कोण मग? ... मी? म्हणजे माझी? माझीच?

बाई, तुम्ही फाटकाशी कधीपासून उभ्या होतात? पाटीचं ऐकलंत?

...

फाटक उघडलंय, ताई. जा, लेकीला घेऊन जा आत. माझ्या तोंडाकडे काय बघत बसलाय!