नुसता कोड दाखवणारं स्कॅनर

हसू नका, पण मी मुद्दाम कमी अकलेचं स्कॅनर घेतलं. गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला की हे यंत्र स्टिअरिंगखाली जोडायचं, मंग ते बिघाडाचा कोड दाखवते.

अकोल्यातल्या दुकानदारानं दोन समोर ठेवले. म्हणे, "काका, घरासाठी हे मोठं घ्या. कोडही दाखवते आन् बिघाड काय हाय तेही सांगते. लहान्यात नुसता कोड येते. मतलब कोणाले विचारान?"

"पोरीले," मी म्हणलं. "लहानंच द्या."

माही पोरगी स्नेहल पुण्याकडं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर हाय. एरवी फोन केला की, "बाबा, मीटिंगमधी हाओ, काई अर्जंट?" पण एकदा मिस्त्रीनं काढलेला कोड तिले सांगितला, तं वीस मिनिटं बोलली. तिची आई गेल्यापासून वलगावच्या घरात एवढं कोणी बोललंच नोतं.

स्कॅनर आणल्यावर पहिल्या रविवारी कोड निघाला. तिनं सारं समजावून सांगितलं. दुसऱ्या रविवारी दिवाच लागला नाई. तरी मी फोन लावला आन् जुनाच कोड वाचला.

"बाबा, हा तं मागच्या रविवारचाच हाय."

मी तोच कोड पुन्हा एकदा वाचला.

मंग हळूच म्हणे, "बरं, आयका. पुन्हा सांगतो." आन् पहिल्यापासून सांगाले लागली.