कड्यातलं पीठ

डॉक्टरसाहेब, पाटीवर दहाची वेळ लिहून तुम्ही माणसांना फसवता. परवा तुमच्या दवाखान्याच्या बाकावर जानराव आणि त्यांची बायको पंचफुलाबाई माझ्या शेजारीच बसले होते. जानराव विहिरीत बुडी मारून गाळ काढणारे. आता डावा हात लकव्यानं लुळा, पण त्याच हातात पाण्यात चालणारं घड्याळ. पंचफुलाबाई त्यांना ते दाखवत होत्या.

“पाहा, चालू हाय! याले चावी लागत नाही. हात हालला तरच चालते. म्हंजे तुमचा हात हालते.”

“मले तं दिसत नाही.”

“झोपेत हालत असन.”

“पंचफुला, घड्याळाच्या कड्यात पीठ काऊन हाय व?”

“कोन्तं पीठ?”

“ज्वारीचं. माहा डोळा लागला का तू हे घालून भाकरी थापतं, अन् मंग गुपचूप माह्या हातात बांधतं.”

“बंद पडलं असतं तं तुमी हिंमत सोडली असती.”

“मले पयल्याच दिवशी समजलं.”

“मंग बोलले काऊन नाही?”

“तुह्यं मन मोडलं असतं.”

“लबाड मानूस!”

“आता तुह्याच हातात राहू दे ते.”

“नाही. आना तुमचा हात इकडं. मी हालवते. वर... खाली... दुखते का?”

“नाही.”

“वर... खाली... किती वाजले, सांगा.”

“दीड.”

दीड, डॉक्टरसाहेब! दहापासून दीडपर्यंत तुम्ही कुठं होता? उत्तर द्या.