जाऊ गेली दुसऱ्या वार्डात

माझा जन्म कुठल्या गावचा म्हनाल तर भाऊ, ते माझ्या आईलाबी धड सांगता येत नव्हतं. मूळचं आमचं घर डिंगोऱ्याच्या अंगाला, पन आमी मेंढरंवाली मानसं, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून घाट उतरायचा नि पावसाच्या आत माघारी यायचं, तर असंच माघारी आल्यावर पुढं आळेफाट्याच्या अलीकडं एका बागायतदारानं खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावलेलं, तिथं त्या कांदा काढलेल्या वावरात मी झाले. त्या घरच्या मालकीनबाईनं ऊन पानी दिलं, जुनं लुगडं दिलं, म्हनून आईनं तिचंच नाव मला ठेवलं, हौसा. बापाला काळजी, आता हिचं जन्मगाव शाळेत काय लिहायचं. ती काळजी त्यानं उगाच केली, शाळेत घातलंच न्हाई मला.

लगीन होऊन ह्या गावात आले. गावाचं नाव तुमी लिहू नका, इकडं ओतूर, तिकडं आळेफाटा, मधी कुठंतरी आमी, एवढं बास. सासऱ्यानं मेंढरं इकली नि गावाच्या कडंला जागा घेतली, वस्तीच हाय ती आमच्या लोकांची, आन दोन लेकांना समोरासमोर दोन घरं बांधली, मधी बोळ. म्हनला, भाऊ भाऊ दारात बसून एकमेकांचं तोंड बघतील. भावांनी बघितलं की, त्यांचं काय न्हाई. माझं मालक फाट्यावर पंक्चर काढतात, दीर तिथंच ट्रकांना ग्रीस मारतो, एका डब्यात जेवतात दोघं. वांधा झाला तो जावांचा.

माझी जाऊ कमल, घोडेगावकडची. काय सांगू तुमाला, बाई कामाला वाघ, पन तोंड! तिच्या मोरीचं पानी बोळातनं माझ्या दारात यायचं. मी म्हनलं, कमल, चर काढून दे. ती म्हनली, आक्का, पानी उताराला जातं, तुमचं दार उताराला, त्याला मी काय करू. मी म्हनलं, मग मी घर उचलून डोंगरावर नेऊन ठेवू का. तिथनं जे बोलनं बंद झालं ते झालंच. किती वरसं? लई. लग्नकार्यात एका पंगतीला वाढलं, सासू गेली तवा एकमेकीच्या गळ्यात पडून रडलो, पन बोललो न्हाई. रडायला कुठं बोलावं लागतं.

मग गाव वाढलं, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. आमाला वाटलं नुसती पाटी बदलली, तर न्हाई, त्यांनी वार्ड पाडले, आन वार्डाची रेघ नेमकी आमच्या बोळातनं मधोमध गेली. माझं घर एका वार्डात, कमलचं दुसऱ्या. खरं सांगते, मी पैलं खूशच झाले. म्हनलं, बरं झालं, सरकारलाबी कळलं हिचा सभाव.

पन वस्तीसाठी निधी आला तवा खरी गंमत झाली. बंद गटार आन काँक्रीटचा बोळ करायचा व्हता. आमी बाया सभा ऐकायला गेलो, मागं भिंतीला टेकून बसलो. आमचा नगरसेवक उठला, म्हनला, बोळ पलीकडच्या वार्डात येतो. कमलचा नगरसेवक उठला, म्हनला, बोळ ह्यांचाच, आमच्याकडं नुसत्या भिंती. लेकीला सासर म्हनतंय माहेरी जा नि माहेर म्हनतंय सासरी जा, तशी बोळाची गत. दोघांचं काय मिटंना. शेवटी नगरपंचायतीचे मोठे साहेब म्हनले, मग घ्या अर्धा अर्धा. साहेब वैतागून म्हनले असतील, पन कमलच्या नगरसेवकानं ते मनावर घेतलं आन त्याचा अर्धा बोळ करून टाकला. लांबीनं अर्धा न्हाई भाऊ, रुंदीनं! कमलच्या बाजूला काँक्रीट, माझ्या बाजूला चिखल. काँक्रीट वीतभर उंच, म्हंजी आता एकट्या कमलचं न्हाई, त्या अख्ख्या ओळीचं पानी माझ्या उंबऱ्याला. आमचा नगरसेवक म्हनायचा, करू, पुढच्या निधीत करू. लोक लांबून बघायला यायचे नि हसायचे. आमीबी हसायचो. मग एक दिवस माझं चुलत सासरं त्या काँक्रीटच्या कडंवरनं पडले, खुबा मोडला, कायमचे बाजेवर गेले. तवा सगळ्यांचं हसू गेलं.

पुढं नगरसेवकांची मुदत संपली, नवे वार्ड पाडले. नकाशा भिंतीला लागला, ज्याला हरकत असंल त्यानं घ्यावी म्हनून दवंडीची रिक्षा फिरली. बघितलं तर रेघ हाय तिथंच. मग वस्तीची बैठक बसली. जानती मानसं म्हनली, वस्ती एका वार्डात राहिली तर कुनालाबी मतं मागायला आपल्या दारात यावं लागंल, फाटलेल्या वस्तीला कोन इचारतो. ठरलं, हरकत घ्यायची, आन सुनावनीला एक बाई ह्या बाजूची, एक त्या बाजूची पाठवायची, गडी सगळे कामावर असत्यात. ह्या बाजूनं माझं नाव घेतलं, कारन मला तोंड हाय. त्या बाजूनं कमलचं, कारन तिला माझ्याहून जास्त हाय.

सुनावनीला जाताना वडापच्या जीपमधी ती पुढं, मी मागं. मी ड्रायव्हरला म्हनलं, भाऊ, पुढच्या बाईला इचारा, अर्ज घेतला का. ती म्हनली, मागच्या बाईला सांगा, मी काय येडी न्हाई. मी म्हनलं, इचारा, साहेबापुढं आधी कोन बोलनार. ती म्हनली, सांगा, मोठा मान मोठ्यांचा, चुकलं तरी त्यांच्यावरच जाईल. निम्म्या वाटंत ड्रायव्हरनं गाडी कडंला घेतली, म्हनला, मावशी, मी गाडी चालवू का निरोप पोचवू?

सुनावनीला ही गर्दी. आमचा नंबर आला. मी म्हनलं, साहेब, आमची वस्ती एक हाय, देव एक, जत्रा एक, भंडारा एक, मधी रेघ मारू नका. सुनावनीचा साहेब मानूस चांगला, नकाशा फिरवून म्हनला, दाखवा तुमचं घर. मला काय त्यातलं कळतंय. मी बोट ठेवलं. कमल साहेबाला म्हनली, साहेब, हे ह्यांचं घर न्हाई, हे माझं न्हानीघर. मी म्हनलं, साहेब, तिचं न्हानीघर माझ्या दारातच हाय, म्हनून माझं बोट तिथं गेलं. झालं! ती साहेबाला सांगतीय, मी साहेबाला सांगतीय, उतार, मोरी, चर, सगळं निघालं. साहेब म्हनला, तुमी एकमेकींकडं का बघत न्हाई? मागनं कुनीतरी सांगितलं, साहेब, ह्या सख्ख्या जावा हायेत, बोलत न्हाईत. साहेबानं पेन खाली ठेवलं. म्हनला, बाई, तुमच्यात आधीच रेघ हाय, मी आनखी एक मारली तर बिघडलं काय?

सगळी खोली हसली. माझं तर पानीच झालं भाऊ, आख्ख्या वस्तीचं काम माझ्या बोटानं बुडालं. तवा कमल पुढं झाली. म्हनली, साहेब, आमी बोलत न्हाई हे आमचं घरचं. पन भांडायलाबी मानूस आपलं लागतं. उद्या गटार तुंबलं तर मी ह्यांच्याशी भांडनार, ह्या माझ्याशी, मग दोघी मिळून नगरसेवकाशी. तुमी रेघ मारली की ह्या त्यांच्या नगरसेवकाकडं जात्यात, मी माझ्या, आन ते दोघं म्हनत्यात, तिकडं जा. आमी बोलत न्हाई, पन फाटलो कधी?

साहेब नुसतं बघू म्हनला. माघारी येताना जीपमधी मी पुढं बसले न्हाई, तीबी बसली न्हाई, दोघी मागं. पन दोन खिडक्यांला.

आन काय सांगू, पक्का नकाशा लागला तर रेघ सरकून वस्तीच्या मागं ओढ्यावर गेलेली! सगळी वस्ती एका वार्डात. त्यात सोडतीत वार्ड निघाला बायांसाठी. पैलं माझंच नाव पुढं आलं. मी फाट्यावरच्या ढाब्यावर भाकरी थापते, ट्रकवाल्यांना दमात घ्यायची सवय, म्हनलं जमंल. फारम भरायला गेले तर वकील म्हनला, मावशी, लेकरं किती? मी म्हनलं, तीन, देवाच्या दयेनं तिनी चांगली हायेत. तो म्हनला, तिसरं आडवं आलं, कायदा हाय तसा. आजबी धाकट्यानं भाजीला नाव ठेवलं की मी म्हनते, गप खा, तुझ्यापायी माझी नगरसेवकी गेली.

कमलला दोनच लेकरं. मग ती उभी राहिली नि मी दारोदार फिरले. म्हनायचे, हिला मत द्या, सभाव कारल्यावानी हाय, आमी लई सोसला, आता जरा नगरपंचायतीला सोसू द्या. निवडून आली. गुलाल लावायला गेले, तिनं कपाळ पुढं केलं. बोलली न्हाई. मीबी न्हाई.

मग पैली मोठी सभा, आलेला निधी कुठं घालायचा ह्यावर, मी मागं भिंतीला टेकून बसलेली. बरेच जन म्हनत व्हते पेठंत स्वागत कमान बांधू, दगडी, वर लायटिंग, पावनं आले की त्यांना पैली गावाची शोभा दिसली पायजे. अध्यक्षबाई म्हनल्या, वस्तीच्या ताई काय बोलनार का? कमल उठली. आन उभीच राहिली भाऊ. पदर पिळतीय, माइककडं बघतीय, तोंडातनं शब्द न्हाई. एक जन म्हनला, बसा ताई, कमानीला तुमचं हो आमी धरून चाललोय. आन ती बसायला लागली की खाली! मला ऱ्हावलंच न्हाई, मागनं वरडले, अगं कमल, बोल की, घरी तर तोंडाला कुलूप नसतंय तुझ्या!

सभा वळून बघाय लागली. शिपाई धावला. कमलनं मान वळवली, एवढ्या वरसांनी थेट माझ्या डोळ्यात बघितलं नि म्हनली, तुमी गप बसा आक्का, मला शिकवू नका, हिथं निवडून मी आलीय, तुमी न्हाई! आन त्याच आवाजात तशीच वळली सभेकडं. म्हनली, पावन्यांना कमान दाखवताय? आमच्याकडं पावना आला तर बोळात पडतो नि दवाखान्यात जातो. आमच्या चुलत सासऱ्यांची बाज आनते उचलून, ठेवते तुमच्या कमानीखाली, करा स्वागत. मग कुनी हसलं न्हाई. शिपायानं मला भाईर काढलेलं, मी खिडकीला नाक लावून बघितलं, हात वर झाले. कमान मागं पडली, बोळ पुढं गेला.

आता बोळ दोनी अंगांनी सारखा हाय, गटार खालनं वाहतंय. चुलत सासरं काय पुन्हा चालले न्हाईत, पन बाज दारात काढतो त्यांची, येनाऱ्याजानाऱ्याला हाका मारत बसतात. आमी दोघी बोलतो आता, लई बोलतो. मालक म्हनतात, पैलंच बरं व्हतं. म्हनू द्या. देवानं तिला अशीच ठेवावी, त्या तोंडासकट.

सध्या आमचं स्पीडब्रेकरवरनं चाललंय. बोळ गुळगुळीत झाल्यापासनं पोरं गाड्या पळवतात. मी म्हनते ब्रेकर माझ्या दारापुढं पायजे, ती म्हनते तिच्या. दारं समोरासमोर हायेत भाऊ, एकच ब्रेकर दोघींला पुरंल, हे मलाबी म्हाईत हाय नि तिलाबी. पन आजच मिटवलं तर संध्याकाळी दारात बसून बोलायचं काय?