गुणाजीची बाग आणि विमला मॅडम

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या कृषी अधिकारी विमला पेडणेकर मॅडम, आणि ऐन कामाच्या दिवसांत कट्टा गावच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या बागायतदार बंधुभगिनींनो,

मॅडमच्या कामाविषयी आधीचे वक्ते बोललेच. मी एका घराविषयी बोलेन. कृष्णावहिनी समोर बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच उभा राहिलो आहे.

आचऱ्याचा गुणाजी माझा चुलतभाऊ, कृष्णावहिनींचा नवरा. त्याची हापूसची बाग एक वर्ष धरायची, एक वर्ष रुसायची. मॅडमनी त्याला पॅक्लोब्युट्राझोल वापरायला शिकवलं. आपण त्याला नुसतं 'औषध' म्हणतो. त्याने पालवी आवरते नि मोहोर लवकर येतो. पावसात बुंध्याभोवती खड्डे घेऊन, झाडाच्या विस्ताराप्रमाणे मोजून ओतायचं, आणि अशक्त झाडाला अजिबात द्यायचं नाही. गुणाजीने ते काटेकोर पाळलं.

मग डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं दुखणं सांगितलं, फार आशा दाखवली नाही. घरात त्याने कुणाला कळू दिलं नाही. त्या पावसाळ्यात मात्र त्याने सगळ्या झाडांना दुप्पट औषध घातलं, म्हाताऱ्या झाडांनासुद्धा. सगळी बाग एकदा मोहोरलेली बघायची होती त्याला. आणि बघितलीही! पान दिसत नव्हतं, असा मोहोर.

पण गुणाजी जगला, आणि औषधही मातीत राहिलं. पुढच्या वर्षी पालवी गुच्छासारखी आखडली, फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. मॅडम आल्या तेव्हा तो खाटेवर होता. मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, माझे दिस भरले असा वाटान मी झाडांक घाई केलंय. आता मी आसंय, नि ती सुकतत."

मॅडम रागावल्या असत्या तर त्यांना कोण दोष देणार होतं? त्या खाटेजवळ बसल्या. म्हणाल्या, "गुणाजीभाऊ, वाळलेलं उतरवूया. औषध बंद. शेणखत घालू आणि वाट बघू."

सुट्टीच्या दिवशीही त्या यायच्या. काही झाडं तोडावीच लागली. करवतीचा आवाज नको म्हणून वहिनी खिडकी लावायला गेल्या, तर गुणाजीने लावू दिली नाही.

मार्गशीर्षात तो गेला. फाल्गुनात उरलेल्या झाडांना लांब, तांबूस, निरोगी पालवी फुटली. मॅडम बागेत उभ्या होत्या. वहिनींनी त्यांना विचारलं, "मॅडम, झाडां जगली, ह्या आता ह्येंका कोण सांगतलो?"

मॅडम पुढे झाल्या. त्यांनी वहिनींचा हात धरला, आणि दोघी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

मॅडम, त्या उभं राहण्याबद्दल आमच्या घराकडून आभार मानायचे राहून गेले होते. ते आज मानतो. समारंभ आनंदाचा असताना मी डोळ्यांत पाणी आणलं असेल, तर सभेने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. बसतो.