दोन्ही डिस्का सारख्याच

— चहा होतो हो मुज्तबाभाई, चहा कुठं पळून चाललाय? अंजू दूध आणाय शेजारी महादेवीकडं गेलीय, येईल इतक्यात. ती यायच्या आत आपला निकाल लागू द्या. बसा. तिथं न्हाई, इथं, बरोबर समोर. खिडकी लावलीय, टीव्हीवर चमक नको म्हणून — दार तेवढं उघडं हाय, पडदा मीच सारलाय बाजूला, नाहीतर जीव घुसमटतो. हां, तर आता ही बगा तुमची करामत. आमच्या मंजुश्रीच्या लग्नाच्या तुमी मला दोन डिस्का दिल्या. एक साधी डीव्हीडी, पाहुण्यारावळ्यांत वाटायची. अन् एक ती भारीतली, ब्ल्यू-रे — 'अप्पा, ही घरात जपून ठेवा, ह्याच्यात दाणा न् दाणा दिसंल' — कोण म्हणलं होतं? तुमीच म्हणलाव. मंगल कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून म्हणलाव. मग दोन्हीत एकच चित्र कसं काय? नांदेडहून लातूरला उगंच न्हाई बोलवलं तुमाला. जबाब द्या.

थांबा, थांबा, आधी माझं ऐका, मग तुमचं. एवढे दिवस ती ब्ल्यू-रे कपाटात पडून होती, कारण ती लावायचं यंत्रच न्हवतं आमच्याकडं. ह्या दिवाळीला जावई, राजशेखर, एवढा मोठा टीव्ही अन् संगं हा प्लेअर घेऊन आले. म्हणले, मामा, हा प्लेअर जुन्या डीव्हीडीलाबी ताणून टीव्हीएवढं करतो — अपस्केल का काय म्हणतेत — पण ताणलेलं ते ताणलेलंच, खरं चित्र बगायचं तर ब्ल्यू-रे लावा. पटलं मला. पातळ वरणात कितीबी पाणी वाढवा, डाळ थोडीच वाढती? बरं, लावली. आधी डीव्हीडी — धुरकट, समदं पिवळं पिवळं, माणसं लोण्याची केल्यासारखी. म्हणलं ठीक हाय, जुनी हाय, ताणलेली हाय. मग लावली तुमची भारीतली. अन् काय? तेच लोणी! तेच पिवळं! मी म्हणलं, राजशेखर, डिस्क बदलली का न्हाई? ते म्हणले, बदलली की. अन् समदे आपले आ करून बगत बसलेत — अय्या, काय क्लिअर, अय्या, काय क्लिअर. मंजू मला म्हणती, दादा, माझ्या मेंदीतली वेल दिसली. भांडी घासायला येती ती लक्ष्मीबाई, ती दारातून म्हणती, ताईच्या शालूवरची बुट्टी मोजून घ्यावी. मला सांगा, लक्ष्मीबाईला काय कळतंय ब्ल्यू-रेतलं? एकानं म्हणलं की दुसरा म्हणतो. भारीतली म्हणून सांगितलं की भारी दिसती. मी आडतीत केस पांढरे केलेत, मुज्तबाभाई, मला नका सांगू. पोत्यावर चांगलं नाव टाकलं म्हणून आतली तूर बदलत नसती.

न्हाई, तुमच्यावर शक न्हाई... म्हणजे हाय शक, खोटं कशाला बोलू. तुमचे अब्बा फारूकभाई, त्यांनी माझ्या लग्नाचे फोटो काढले होते, कॅमेऱ्यावर काळं कापड घेऊन. काय इमानदार माणूस! म्हणून म्हणलं, पोरगा फसवायचा न्हाई, चूक झाली असंल. गडबडीत त्याच चित्राच्या दोन डिस्का निघाल्या असतील. होतं माणसाकडून. तेवढं कबूल करा फक्त. मला दुसरं काय नको. अंजूच्या समोर म्हणा — 'वहिनी, अप्पाचं खरं हाय, दोन्ही डिस्का सारख्याच हायत.' बस. एवढंच म्हणा अन् चहा पिऊन सुखानं जा.

काऊन म्हणजे? सांगतो. पैज लागलीय आमची. अंजू मला म्हणती, 'खोट डिस्कीत न्हाई, तुमच्या डोळ्यात हाय. मुज्तबाभाईला बोलवा, ते म्हणले दोन्ही एकच, तर मी जन्मात डोळ्याचं नाव काढणार न्हाई — अन् ते म्हणले वेगवेगळ्या हायत, तर मुकाट्यानं दवाखान्यात चलायचं, अन् तोवर आडतीतले नमुने शिवकुमारनं बगायचे.' बगा आता! बायको का वैरी? माझा पोरगा हाय शिवकुमार, वाईट न्हाई, शाना हाय. पण नमुना? नमुना बगणं म्हणजे काय खेळ हाय का? शेतकरी पोतं सोडतो, मी मूठभर तूर तळहातावर घेतो, एकदा हालवतो, अन् बोलतो — त्या बोलावर माल उठतो. आमच्या वडिलांचं तेच, माझं तेच. ज्या दिवशी ह्या अमृतरावनं नमुना दुसऱ्याच्या हातात दिला, त्या दिवशी गादीवर गणपती बसवला काय अन् अमृतराव बसवला काय, सारखंच. राम राम करतील लोक, अन् भाव शिवकुमारला विचारतील. मला न्हाई सहन व्हायचं ते. भ्या वाटतं, खरं सांगतो.

डोळे? डोळ्याला काय झालं? साखर हाय थोडी, ती कुणाला नसती? चष्मा आत्ताच बदललाय. अन् नमुन्याला नुसता डोळाच लागतो असं कुणी सांगितलं? हे बगा, असं अंगठ्यानं चोळायचं — भरीव दाणा कळतो, सुरकुतलेला कळतो. दाताखाली एक फोडायचा — वाळलाय का वल्ला हाय, आवाजावरून कळतं. वास घ्यायचा. मी आता निम्मं काम हातानंच करतो. हणमंतरावचा माल परत आला ती गोष्ट वेगळी. मिलवाले हणमंतराव, कानावर आलं असंल तुमच्या, लोकाला जीभ हायच. मी साफ म्हणून पाठवला अन् त्यात डागी निघाला. आता डाग काय बोटाला लागतो का? त्या दिवशी आभाळ आलं होतं. ट्यूब फडफडत होती. तवापासून मी नमुना घेऊन दारात उन्हात जातो, अन् शिवकुमार मागं उभा राहून हळूच सांगतो, 'दादा, डागी हाय' — म्हणजे तसा लोकात न्हाई सांगत, खोकल्यासारखं करून सांगतो, पोरगं मान ठेवून हाय... तुमी काय बगून राहिलाव माझ्याकडं? टीव्हीकडं बगा म्हणलं ना!

हं, घ्या रिमोट. लावा तुमच्या हातानं, मग तर झालं? कोणती टाकली? भारीतली? टाका. पुढं घ्या. अजून पुढं. हां — अक्षता. थांबवा इथंच. आता बोला! ह्या अक्षता माझ्या हातच्या हायत. तांदूळ न्हाई, ज्वारी, मालदांडी. पोतं सोडून मी स्वतः निवडली, मोत्यावानी, मग बायकांनी हळदीत घोळवली. त्यातला एक तरी दाणा दिसतोय का? तुमीच म्हणला होताव, दाणा न् दाणा. नुसता पिवळा धूर हाय. डीव्हीडीतबी धूर, ह्याच्यातबी धूर. पकडलं का न्हाई तुमाला?

...काय म्हणलाव?

कुठं? मंजूच्या भुवईवर? दाणा अडकलाय? कोणत्या भुवईवर... डाव्या. अन् जावयाच्या फेट्याच्या घडीत तीन-चार. चेष्टा करताव का? म्हाताऱ्या माणसाची... न्हाई, तुमी चेष्टा करणारे न्हाईत. थांबा, जवळून बगतो. लांबून कुणाला दिसतंय एवढं? उठतो. तिपाई कुठं ठेवलीय ह्या बाईनं... लागलं न्हाई, लागलं न्हाई, बसा तुमी. हं. इथं का? ही भुवई ना? हे... हे कपाळ हाय, मग ही भुवई. इथं दाणा. बोट ठेवतो, सांगा — इथं का? अजून खाली? इथं? काचच लागून राहिली हो. हाताला तर काहीच लागंना.

माझी पोरगी हाय ती. मी निवडलेला दाणा हाय. तुमाला दिसतो, जावयाला दिसतो, त्या लक्ष्मीबाईला...

बंद करा. बंद करा ते.

मुज्तबाभाई, इकडं या. बसा जवळ. माझं एक ऐका — फारूकभाईच्या दोस्तीची आण हाय. अंजू येईल आता. ती विचारील. तुमी म्हणायचं, सारख्याच हायत. स्टुडिओत चूक झाली म्हणायचं. तुमची बदनामी न्हाई होऊ देणार मी, कुणाला सांगणार न्हाई. ह्या हंगामापुरतं. फक्त तुरीचा हंगाम जाऊ द्या, मग मी आपल्या पायानं दवाखान्यात जातो, देवाशपथ जातो. तोवर मला गादीवर बसू द्या. शिवकुमार खोकतोय मागं, चाललंय की. कुणाला कळलंय? अंजूला तर आडतीतलं काहीच ठाऊक न्हाई. तिला वाटतं नुसता चष्मा... तिला हणमंतरावचंबी मी सांगितलं न्हाई, काय सांगावं, ती रडत बसती. म्हणाल ना? एकच शब्द हाय. हो म्हणा.

बोला की. काऊन उठून उभं राहिलाव?

अन् तिकडं काय बगताव, दाराकडं? काय हाय तिथं? पडदा हाय तो. हिरवा पडदा, अंजूनं नवा आणलाय, वाऱ्यानं हालून राहिलाय...

पडदा तर मीच बाजूला सारला होता.

...अंजू?