सरहद्दीवर घेतलेलं नाव

परदेशात बायकोची मस्करी करू नका गा, नागपूरले परत येणं मुश्किल होते.

पोरगा जर्मनीत नोकरीले होता. त्यानं आम्हाले मोटारीनं गावोगाव हिंडवलं अन् मग दोघांलेच स्वित्झर्लंडच्या रेल्वेत बसवून दिलं. सरहद्दीवर पासपोर्ट पाहणारा साहेब आला. फोटोत माझ्या झुपकेदार मिशा, अन् त्या तर मी, विमानतळावर पोरानं ओळखू नये म्हणून, गमतीनं कधीच उतरवल्या होत्या. साहेबाले संशय आला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवून बायकोले विचारलं, "नेम?"

आमच्या बायकोनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ती नुसती लाजली.

मी म्हटलं, "घे ना वं नाव! साहेब थांबून राहिला."

"काहून छळता? तुमीच सांगा ना!"

"त्यानं तुले विचारलं, मले नाही."

साहेब वैतागला. "धिस मॅन, युवर हजबंड?"

तिनं माझं दाबलेलं हसू पाहिलं अन् ठणकावून सांगितलं, "नो!"

झालं! मी ट्रंकेसकट फलाटावर. शिपायानं माझा दंड धरलेला, अन् ही खिडकीत बसून शेंगदाणे खाऊन राहिली.

"अवं, गाडी सुटते! सांग ना त्याले!"

"आधी तुमी माझं नाव घ्या. उखाण्यात!"

घेतलं गा! कान पकडून, साऱ्या फलाटासमोर बोंबलून घेतलं:

"गार्ड फुंकते शिट्टी, गाडी सुटते आता,
घरधनी म्हणून ओळख दे वं, राणी शेवंता!"