हेब्बाळचा जागृत दगड

आपल्या जुन्या शेताचा इतिहास दुसऱ्याकडून ऐकू नये, एवढं मी शिकलो. हेब्बाळचं शेत आजोबांनी कधीच विकलं, आता तिथे अपार्टमेंट आहे. परवा अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, घेऊन गेलो. गेटजवळ हळदकुंकू लावलेला दगड होता, पुढे नारळ. सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "फार जागृत देव. शेकडो वर्षं जागचा हललेला नाही."

अण्णाने वाकून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "अरे, हा आपल्या बांधावरचा दगड. आजोबा दरवर्षी नांगरणीला तो वीतभर शेजारच्या गौडाच्या रानात सरकवायचे."

"मग सांगायचं ना त्यांना."

"स्वल्प गप्प बस. देवाला मागे सरकवायची आता गौडाची काय बिशाद?"